हवेत आवळलेले बोल्ट

नितेश माझा सख्खा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. बाबा मिलमधून घरी बसले तेव्हा तो दुसरीत होता. मी नववीतून शाळा सोडली, गाडी शिकलो, आणि दहावीनंतर त्याला आयटीआयला घातला. हे मी सगळ्यांना सांगतो, आणि का नाही सांगणार? कांजूरमार्गला वळणावर झुकणारी गाडी सरळ करायची असेल तर पोरं एकच नाव सांगतात. मुलुंड-घाटकोपरहून लोक येतात. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा, राजेशचा भाऊ काय चीज आहे ते.

ही फुशारकी नाही, खरं आहे. फुशारकी मी पुढे मारली, ती सांगतो.

गाडी झुकते म्हणजे काय, तर तुम्ही उजवीकडे वळलात की गाडीचं अंग डावीकडे कलतं. उंच गाडी असेल तर जास्तच. आत बसलेल्याचं पोटसुद्धा त्या बाजूला जातं. दुसरे मेकॅनिक काय करतात, कडक स्प्रिंगा टाकून मोकळे होतात. नितेश आधी विचारतो, "गाडीत बसतं कोण?" मग स्वतः मागच्या सीटवर बसतो, डोळे मिटतो आणि मालकाला सांगतो, चालवा. पवईपर्यंत जाऊन येतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो होतो. "झोपतोयस काय रे?"

"मागे बसणाऱ्याला काय होतं ते पुढे बसून कळत नाही, दादा."

तर मुलुंडचे विद्याधर काका आले. बँकेतून रिटायर. त्यांच्या मिसेस, जयंती काकी, त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. खाली वाकून बसता येत नाही म्हणून काकांनी उंच गाडी घेतली, आणि ती वळणावर अशी डुले की काकी दोन्ही हातांनी हँडल धरून बसायच्या. बोरिवलीला बहिणीकडे जायचं त्यांनी बंदच केलं होतं.

नितेश म्हणाला, "काका, स्प्रिंग कडक केली तर झुकणं जाईल, पण प्रत्येक खड्डा थेट काकींच्या कमरेत. त्यापेक्षा जंपिंग रॉड जाडा टाकू." जंपिंग रॉड म्हणजे दोन चाकांना जोडणारी दांडी. एक बाजू दबली की ती दुसऱ्या बाजूलाही खेचते, गाडी कलू देत नाही. सोबत नवे शॉकअप, आणि चाकाच्या आर्ममधले रबराचे बुश नवे, कारण जुने पार गेलेले.

गॅरेज भाऊरावांचं. म्हातारा माणूस, मूल ना बाळ. आठ वर्षं नितेश त्यांच्या हाताखाली. दसऱ्याला त्याच्या हातात गॅरेजची चावी देणार, असं त्यांनीच आईला घरी येऊन सांगितलं होतं. आईने तेव्हापासून सगळ्या गल्लीत सांगायचं तेवढं ठेवलं होतं. मी तेही बाकी ठेवलं नव्हतं.

काम होतं रविवारी. माझी सुट्टी. मी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसलो होतो, काका समोर. गाडी लिफ्टवर, चाकं हवेत लोंबकळत. जंपिंग रॉडची एक लिंक जुळेना म्हणून नितेश दुसरी आणायला घाटकोपरला गेला. भाऊराव जेवायला.

काका म्हणाले, "तुम्ही पण याच लाइनमध्ये?"

"मी कंपनीची गाडी चालवतो. पण याला शिकवलं कोणी? पाना धरायला मी शिकवलं, काका."

"असं? मग राहिलेलं आटपा की तुम्हीच. साडेचारला मिसेसना डॉक्टरकडे न्यायचंय."

आता नाही कसं म्हणणार? उठलो. पाना घेतला. आर्मचे बोल्ट नुसते बोटाने लावलेले होते. चारही आवळले, जोर लावून, घाम येईपर्यंत. काका बघत होते ना.

नितेश आला. लिंक बसवली आणि खालून विचारलं, "दादा, आर्मचे बोल्ट तू टाइट केलेस?"

"झाले सगळे."

"गाडी चाकांवर घेऊन ना?"

मला तेव्हा माहीत होतं का? अर्धवट. नितेशने एकदा सांगितलं होतं, बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे. हवेत आवळले तर रबर त्याच पोझिशनला पकडतं, आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. ऐकलं होतं. लक्षात ठेवायची गरज वाटली नव्हती. पण काका समोर उभे. मी म्हटलं, "मग काय? आता तू मला शिकवणार?"

काका हसले. नितेशही हसला. माझ्या शब्दावर त्याने पुन्हा पाना लावला नाही.

गाडी झकास झाली. काकांचा दुसऱ्या दिवशी फोन, मिसेसनी हँडल सोडलं म्हणून. मी तो फोन बिल्डिंगमध्ये वीस जणांना सांगितला असेल.

तीन आठवड्यांनी काका परत आले. एकटे. बोरिवलीला निघाले होते, पुलाच्या वळणावर खालून धाड आवाज आला, गाडी एका बाजूला खेचली गेली आणि काकी किंचाळल्या. लागलं काही नाही. पण रस्त्यातच उतरल्या आणि रिक्षाने घरी गेल्या. "आता त्या गाडीत बसणार नाही म्हणते," काका म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

भाऊरावांनी स्वतः गाडी वर घेतली. टॉर्च मारला. बुश फाटून चिंध्या झालेला.

"हवेत आवळलाय. कोणी केलं?"

मी तिथेच होतो. हातात चहाचा ग्लास. नितेशने माझ्याकडे बघितलं, डोळ्याची पापणी लवेल तेवढंच.

"मी," तो म्हणाला. माझ्यानंतर त्याने ते पुन्हा आवळले असतील, असं काकांनी धरलं असावं.

भाऊरावांनी फाटका बुश बोटाने दाबून बघितला. मग म्हणाले, "आठ वर्षांत हे शिकलास? एका बाईने तुझ्या भरवशावर हँडल सोडलं होतं रे." आणि टॉर्च बंद करून, "दसऱ्याचं राहू दे आता."

मी चहा प्यायलो. खोटं नाही सांगत, मी तो चहा संपवला. तोंड उघडायचं नव्हतं म्हणून घोट घेत राहिलो. माझं आयुष्य मी बोलण्यावर काढलंय, आणि जिथे एक शब्द हवा होता तिथे माझी जीभ चहात बुडालेली.

घरी चालत येताना विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"काकांसमोर?" तो म्हणाला. "तूच त्यांना सांगितलंस ना, याला मी शिकवलं म्हणून. मग त्यांना काय सांगू, माझ्या मास्तरला येत नाही?"

टोमणा नव्हता तो. मला वाचवण्याचा हिशोब त्याने तेवढ्या एका नजरेत केला होता. आईने दारातच तिच्या मालवणीत विचारलं, "दोघांची तोंडां कित्याक उतरली रे?" नितेश म्हणाला, "भूक लागलीय गं." मी हात धुवून जेवायला बसलो.

सकाळी त्याच्या आधी निघालो. साडेआठला गॅरेजला. भाऊराव शटर वर करत होते.

"बोल्ट मी आवळले होते," मी म्हटलं. "त्याने विचारलं तर खोटं बोललो."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"नितेश झोपेत पण हवेत बोल्ट आवळणार नाही. काल मी तुझ्याकडे बघत होतो, राजेश. त्याच्याकडे नाही."

मान खाली गेली. म्हटलं, "मग शेठ, चावी त्याला द्या. चूक माझी आहे."

"तुझ्यासाठी तो माझ्याशी खोटं बोलला. गॅरेज त्याचं झालं की गिऱ्हाइकाशीपण बोलेल. तू इथे खुर्ची टाकून बसशील, पाना उचलशील, आणि तो तुझं झाकत बसेल." त्यांनी कुलूप खिशात टाकलं. "चावी देतो. दसऱ्यालाच देतो. पण तू या फाटकाच्या आत पाय टाकायचा नाहीस."

माझ्या भावाचं गॅरेज, आणि मी आत जायचं नाही. दुसरा कोणी बोलला असता तर मी कॉलर धरली असती. मी म्हटलं, "बरं."

"आणि विद्याधर काका दहाला येतायत. त्यांना तूच सांगायचं. बाहेर थांब."

मी बाहेर थांबलो. नितेश आला, मला बघून चकित. "दादा, तू इथे? आत ये ना." मी म्हटलं, तू काम बघ. तो आत गेला, भाऊराव त्याच्याशी काहीतरी बोलले. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे तोंड केलं.

दहाला काका रिक्षातून उतरले. मी पुढे झालो. "काका, ते बोल्ट नितेशने नाही आवळले. मी आवळले, तुमच्यासमोरच. चुकीचे आवळले. आणि मी त्याला काही शिकवलेलं नाही. पानासुद्धा तो स्वतःच शिकला."

काकांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं.

"काल तुम्ही इथेच होतात ना?"

"होतो."

 काका फाटक ढकलून आत नितेशकडे गेले.