ठिपके न जोडणारे भावजी

आमच्या भावजींइतका सरळ माणूस अख्ख्या बेंगळुरूत नसेल, आणि त्यांच्याइतका सरळ उत्तर न देणाराही दुसरा कुणी नसेल. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. "सांबार कसं झालंय?" विचारलं, की चांगलं-वाईट काही म्हणणार नाहीत. एक घास, डोळे मिटलेले, आणि मग कशासारखं लागलं, तो निकाल : "अक्काकडच्या बारशासारखं. मीठ मात्र परवाचं." सासूबाईंनी त्यांना एक मुलगी दाखवली, तेव्हा तिच्यासमोरच म्हणाले, "शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखी हसते." मुलगी खरंच त्या बाईंची भाची निघाली. लग्न जमलं नाही, कारण बाईंनाही भावजी चांगले आठवत होते.

बेळ्ळंदूरच्या एका प्रयोगशाळेत ते हृदयाचे एमआरआय तपासण्याच्या पद्धतीवर काम करतात. एकदा मी विचारलं, तर टेबलावर शेंगदाणे मांडून समजावू लागले. "वहिनी, हृदयाच्या एकाच जागेचे लागोपाठ फोटो काढतात. प्रत्येकात ती जागा स्वल्प उजळ नाहीतर स्वल्प काळी. हे ते ठिपके. लोक त्यांच्यामधून एक वक्ररेषा बसवतात आणि तिच्यावरून सुजेचा आकडा काढतात. पेशंट हलला की रेषा बसत नाही. मग दामटून बसवतात."

"आणि तुम्ही?"

"मी रेषा काढतच नाही. ठिपके आहेत तसेच, आधी गणितानं करून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून बघतो. जुळला, तो आकडा."

बोलता बोलता मी चार शेंगदाणे खाल्ले. भावजी कळवळून म्हणाले, "वहिनी, तो डेटा होता!"

गेल्या हिवाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, देवाची फुलं तोडतानाही धाप लागू लागली. एमआरआय झाला, पण त्यांना श्वास रोखून धरणं जमेना, आणि हॉस्पिटलातली वक्ररेषा काही बसेना. डॉक्टरांनीच भावजींना विचारलं, "तुमच्या पद्धतीनं बघता का?" इतक्या वर्षांच्या कामाला प्रथमच कुणी असं बोलावलं होतं.

"मी नको," भावजी म्हणाले. "माझी सहकारी बघेल. पेशंट कोण, ते तिला सांगू नका."

मी चिडलेच. "अहो, पद्धत तुमची ना?"

"पद्धत रेषा काढत नाही, वहिनी. अण्णांचा मुलगा काढतो. मला हवी तशीच काढीन मी."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेले नाहीत. अण्णांसोबत बनशंकरीतल्या आमच्या घरी अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत बसले. अण्णांनी विचारलं, "तूच का नाही रे बघत?"

"भीती वाटते, अण्णा."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले, आणि आपल्या पुढ्यातल्या निम्म्या शेंगा त्यांच्याकडे सरकवल्या.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. सहकारीच्या आकड्याप्रमाणे हृदयाच्या स्नायूला सूज होती. डॉक्टरांनी ती इतर तपासण्यांशी पडताळली आणि औषधं सुरू केली. उन्हाळा संपेपर्यंत अण्णांचा श्वास पुष्कळ सुधारला.

परवा अण्णा एकटेच गच्चीवर गेले. भावजी खाली, जिन्याच्या तोंडाशी, कठडा धरून उभे. वरून हाक आली, "अरे, पोचलो मी!" तरी ते हलेनात. मी जवळ गेले, तेव्हा वरच बघत हळूच म्हणाले, "वहिनी, अण्णा केवढे लहान झालेत हो."

कशासारखे, ते काही त्यांनी सांगितलं नाही.