इनासकाकांच्या ड्रिल मशीनची खटखट

मशीन लोण्यासारखं चालत होतं आणि इनासकाकांनी कोयत्याची तिसरी लाकडी मूठ वाया घालवली. ड्रिल लाकडातून थेट खालून बाहेर आलं. काकांनी स्विचवरून पाय उचलला, मुठीच्या तळाला बोट लावून भोक चाचपलं आणि विचारलं, "मोहन, माझं मशीन कुठंय?"

"हेच की काका. तुमचंच आहे."

"हे माझं नाही. माझं बोलायचं. हे मुकं आहे."

काका भुईगावच्या आमच्या बोलीत बोलले. मी ते साध्या मराठीत लिहितोय, आणि मधले दोन शब्द गाळलेत.

मी एकतीस वर्षं सातिवलीला एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला होतो. मशीन आवाज करायला लागलं की मला बोलवायचे. आवाज गेला की मी चहा प्यायला जायचो. रिटायर झाल्यावर वाडीतल्या जुन्या पंपाच्या खोलीत छोटंसं वर्कशॉप टाकलं. बायको म्हणते, कंपनीनं सोडलं पण कंपनी काही सुटली नाही.

इनासकाका आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. वय ऐंशीच्या पुढे. काचबिंदूनं नजर गेली. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. तरी कोयत्याला, खुरप्याला मूठ बसवून घ्यायची तर वाडीवाले त्यांच्याकडेच येतात. त्यांचं पिलर ड्रिल, म्हणजे उभ्या खांबावरचं भोक पाडायचं मशीन, त्यांच्याहूनही म्हातारं. बिडाचं, अंगावर कंपनीचं नाव होतं ते कधीच झिजून गेलेलं.

त्यांची मुलगी सिसिलिया शाळेत शिकवते. महिन्याभरापूर्वी तीच माझ्याकडे आली होती. "मोहनदादा, एक तर हे सेफ करून द्या, नाही तर मी भंगारात देते. मी दिवसभर शाळेत आणि बाबा एकटे त्या मशीनपाशी. फळ्यावर लिहिताना माझे हातपाय गार पडतात."

काका बाजूलाच बसले होते. म्हणाले, "भंगारवाल्याला विचार, मलापण नेतो का."

मी मशीन टेम्पोत घालून घरी आणलं. खाऱ्या वाऱ्यानं गंज असा चढला होता की नट कुठला आणि खांब कुठला ते कळेना. तीन दिवस रॉकेल पाजलं. रंगाचे पाच थर खरवडले. बेअरिंग नवीन घातले. काका घाईत हात घालतात म्हणून ड्रिलभोवती जाळी लावली, आणि पायाचा स्विच बसवला: पाय उचलला की मशीन बंद. मूठ धरायला पक्का शिकंजा केला. सेफ्टीत कुठेही खोट ठेवली नाही.

आणि मग रॅक-पिनियनला हात घातला. रॅक म्हणजे दाते पाडलेली पट्टी, पिनियन म्हणजे तिच्यात अडकणारं छोटं दातेरी चाक. हँडल ओढलं की चाक फिरतं, पट्टी खाली येते आणि तिच्याबरोबर ड्रिल. काकांच्या पट्टीचे दाते उंदरानं कुरतडल्यासारखे झाले होते. हँडल ओढलं की खट, खट, खट. एखादा दात तुटला असता तर ड्रिल धाडकन खाली आलं असतं. मी सातिवलीच्या मित्राकडून नवीन जोडी कापून आणली आणि बसवली. खटखट गेली. मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला मुद्दाम बोलावून ती शांतता ऐकवली.

आणि आता तीन मुठी वाया.

सिसिलिया दारात उभी राहून बघत होती. "दादा, तुम्ही मेहनत केलीत, पण आता पुरे. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर भंगारवाला येईल," ती म्हणाली आणि आत गेली. काका वाया गेलेल्या मुठी चाचपत बसले. तेच मला जास्त लागलं. तो दिवस गुरुवारचा.

"काका, तुम्ही भोकाची खोली कशी मोजायचात?"

"ऐकून. एक खट म्हणजे पाव इंच. कोयत्याचं मुठीत शिरणारं मागचं टोक अंगठ्यानं मापायचं. दोन इंच असलं तर आठ खट, की थांबायचं."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कधी? आलास, नाक मुरडलंस आणि टेम्पोत घातलंस."

हे शंभर टक्के खरं होतं. तरी मी अक्कल पाजळलीच. "काका, स्टॉप लावून देतो. ठरलेल्या खोलीवर ड्रिल आपोआप अडेल."

"प्रत्येक लोहाराचा कोयता वेगळा. दर वेळी स्टॉप सेट करायला तुला झोपेतून उठवू? भोक जास्त झालं तर पातं डगडगतं. माडावर चढलेल्याच्या हातातून सुटलं तर खाली कोण उभं असेल?"

जुनी पट्टी परत बसवणं शक्य नव्हतं. ती धोक्याचीच होती. मी मित्राला फोन लावला.

"तुझी रॅक एकदम फर्स्टक्लास झालीय. आता तिला आवाज हवाय."

"मोहन, तू बरा आहेस ना?"

"खटखट हवी. प्रत्येक दाताला एक."

"आयुष्यभर आमची खटखट काढत फिरलास, आणि आता विकत मागतोस?" तो पोट धरून हसला असणार. पण शुक्रवारी सकाळी त्यानं हँडलच्या दांड्यावर बसेल अशी एक चकती करून दिली. पिनियनला जितके दाते तितक्याच खाचा. खाचांवर मी स्प्रिंग लावून स्टीलची गोळी दाबून बसवली. हँडल फिरलं की टिक, टिक. मला तर फारच गोड वाटलं.

काकांनी कान लावला. "हे घड्याळ झालं. मोटर सुरू झाली की ऐकू कोणाला येणार, तुझ्या बापाला?"

शनिवारी गोळी काढली. हॅकसॉ ब्लेडचा, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा, एक तुकडा तोडला आणि खाचांवर घासेल असा आडवा लावला. आता प्रत्येक खाचेला खट. मोटर चालू असतानाही खणखणीत. काकांनी चार वेळा हँडल वरखाली केलं. "जरा कमी म्हातारं वाटतंय, पण चालेल."

रविवारी सिसिलिया मिस्साहून आली तेव्हा भंगारवाल्याची हातगाडी गेटला लागलेली होती. काकांनी तिच्यासमोर एक कोयता अंगठ्यानं मापला, मूठ शिकंज्यात धरली, पाय स्विचवर ठेवला. सहा खट. पाय उचलला. पातं ठोकलं, बसलं.

"एकदा जमलं," सिसिलिया म्हणाली. "रोज जमेल कशावरून?"

"तू कर. डोळे मीट."

"बाबा, काहीतरीच काय."

"मीट म्हणतो ना."

तिनं स्वयंपाकघरातला नारळ फोडायचा कोयता आणला. त्याची मूठ कधीची तडकलेली होती. ती काढून टाकली, अंगठ्यानं मापलं, सात खट असं ठरवलं, नवी मूठ शिकंज्यात धरली, पाय स्विचवर ठेवला आणि डोळे घट्ट मिटले. मी पुढे सरकलो तर काकांनी माझा शर्ट धरला. खट, खट. ती ओठांत मोजत होती. सातव्याला पाय उचलला. काकांनी पातं ठोकून दिलं. तिनं कोयता जोरजोरात हलवून पाहिला. पातं जागचं हललं नाही.

तिनं डोळे पुसले. मग कोयता हातात घेऊन तशीच गेटवर गेली. भंगारवाला दोन पावलं मागे सरकला.

"कुछ नहीं भैया," ती म्हणाली. "अभी देना नहीं है."

तेव्हापासून कोणी जुनं मशीन आणलं की मी आधी पाना हातात घेत नाही. मालकाला म्हणतो, तुम्ही चालवा. मी स्टूल घेऊन बसतो आणि ऐकतो. एकतीस वर्षांत हे मी एकदाही केलं नव्हतं. किती ऑपरेटरांची चालती मशीनं मी दुरुस्त करून ठेवली असतील, देव जाणे.