शेवटचं टिंब

दहावी अर्धवट सोडून मी गोंदियाकडून उल्हासनगरला आलो आणि फर्निचरच्या दुकानावरच्या एका ऑफिसात लागलो. लोकांच्या वेबसाइट, ईमेल चालू ठेवायचं, हे तिथलं काम. शिकवलं कुळगावहून येणाऱ्या ताईंनी. वेबसाइटचं कुठलं नाव कुठल्या कॉम्प्युटरकडे जायचं ते झोन फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिच्यात पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यायचं. नाही दिलं तर सर्व्हरला वाटतं नाव अर्धंच आहे, आणि तो त्याच्यामागे वेबसाइटचं नाव आणखी एकदा जोडतो. मग ईमेल पोचायचं नाही. म्हणून ताईंचा नियम: बदल चालू करण्याआधी ओळ कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायची, टिंबासकट.

ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. ऑफिसचे मालक, सेठ, म्हणाले, "तू संभाल. नाही जमलं तर बाहेरून माणूस आणू." बाहेरून माणूस आला की मी गावी, एवढं मला कळत होतं.

लगेचच बदलापूरच्या एका दातांच्या दवाखान्याचं ईमेल नव्या सर्व्हरवर न्यायचं आलं. ओळ लिहिली, फाइल बदलली हे कळावं म्हणून तिचा सिरीयल नंबर वाढवला, परत परत बघितलं. वाचून दाखवायला समोर फक्त सेठ, दाल-पकवान खात बसलेले.

"सेठ, जरा ऐकता का?"

"मेरे को क्या समझेगा?"

"समजू नका. नुसतं ऐका."

मी वाचलं. चावता चावता ते थांबले. "और बिंदी?"

"कसली बिंदी?"

"अरे, ताई हर बार आखिर में बोलती है ना, टिंब, टिंब. मेरे कान पक गये. तू बोला नहीं."

बोललो नव्हतो, कारण दिलंच नव्हतं. संपलं, असं मनात आलं. टिंब देऊन ओळ पुन्हा वाचली, बदल चालू केला आणि दवाखान्याला एक ईमेल पाठवलं. थोड्या वेळानं तिथल्या बाईंचा फोन आला, "मिळालं हो."

सेठनी तिथंच ताईंना फोन लावला. "आराम कर बेटा, जल्दी मत आना. ये लडका पूछ के करता है."

ते मी आईला फोनवर सांगितलं. ती काळजीत पडली. "म्हंजे तुले अजून येत नाही का रे?"

"नाही येत," मी म्हणालो, "म्हणूनच ठेवलं."