बरा झालेला कान

हेडफोन लावायला मी हात वर केला, तर समोरच्या माणसाने डोळे गच्च मिटले आणि मान झटक्यात बाजूला घेतली.

"अहो, इंजेक्शन नाहीये हे," मी म्हणाले. तो ओशाळून हसला.

बालाजी त्याचं नाव. परभणीकडचा. भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशिनने पत्रा ठोकून भाग बनवतात तिथे, कंत्राटी ऑपरेटर. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारी. जिथे मशिनचा आवाज फार, तिथल्या कामगारांचे कान दरवर्षी तपासावे लागतात. आमची व्हॅन कंपनीच्या आवारात उभी राहते, आत आवाजबंद केबिन. हेडफोनमध्ये बारीक आवाज आला की बटण दाबायचं, एवढीच टेस्ट.

उजव्या कानाला बालाजीने भराभर बटण दाबलं. डाव्याला नुसता बसून राहिला. मला खटकलं. मशिनच्या आवाजाने कान जातात ते सहसा दोन्ही, आणि हळूहळू. गेल्या वर्षी याचे दोन्ही कान ठणठणीत होते. मी कानात बघायचा छोटा कॅमेरा घातला. पडद्याला भोक, कडा फाटलेल्या, शेजारी सुकलेलं रक्त. फोटो काढून ठेवला.

"कुणी मारलं?"

"गाडीवरून पडलो, मॅडम."

"आणि गालावर साधा ओरखडासुद्धा नाही?"

केबिनचं दार लागलंय ना, ते बघून तो बोलला. बसमध्ये कुणीतरी त्याचा मोबाईल मारला होता. तक्रार द्यायला तो पोलीस चौकीत गेला. हवालदाराने अर्जात मोबाईल 'गहाळ' झाला असं लिहायला सांगितलं. चोरी म्हटलं की तपास आला. गहाळ म्हटलं की काम संपलं.

"म्या म्हन्लं, सायेब, गहाळ न्हाई झाला, खिशातून काढलाय. चोरी लिवा की. तर म्हनले, मला कायदा शिकवतो का? आन् दिली ठेवून."

मला संताप आला. चोर मोकळा आणि मार खाल्ला कुणी, तर ज्याचं गेलं त्याने!

तेवढ्यात एचआरचे साळुंखे सर डोकावले. मी त्यांना फोटो दाखवला, काय झालं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, 'जुना कानाचा आजार' असं टाकून द्या ना. आमचं पोलिसांशी रोज काम पडतं."

"जुना आजार लिहिला तर कंत्राटदार याला उद्याच अनफिट म्हणून काढेल."

बालाजीने हात जोडले. "मॅडम, काम तेवढं ऱ्हाऊ द्या. बाकी कायबी लिवा."

मी त्याला समजावलं. पडदा बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांत आपोआप भरून येतो, त्यामुळे काम जायचं कारण नाही. पण एकदा भरून आला की मारल्याची खूणही जाते.

"मंजी मी बरा झालो की त्यो बी सुटला?"

"हो."

त्याने जोडलेले हात सोडले. "लिवा मग."

मी लिहिलं: रुग्णाच्या सांगण्यानुसार पोलीस चौकीत थप्पड, ताजी जखम, बरी होण्यासारखी, तोवर आवाजापासून दूर काम द्यावे. साळुंखे सर माझ्याशी त्या दिवशी चहालाही बोलले नाहीत. पण माणूस वाईट नव्हता. बालाजीला त्यांनी दुसऱ्याच दिवशी पॅकिंगला घेतलं. बालाजीने माझा रिपोर्ट आणि मी पाठवलं होतं त्या कानाच्या डॉक्टरांचा कागद जोडून वरिष्ठ पोलिसांकडे अर्ज दिला.

काही महिन्यांनी चौकशी अधिकारी माझ्या क्लिनिकमध्ये आले. सभ्य होते, पाणीही मागून घेतलं.

"मॅडम, त्याचा कान आम्ही तपासून घेतला. एकदम ओके. मग मारलं कुठं?"

मी कॉम्प्युटरवर त्या दिवशीचा फोटो उघडला. शेजारी नाव आणि तारीख, मशिननेच टाकलेली. त्यांनी तारीख लिहून घेतली.

"गाडीवरून पडला असेल."

"मलाही तो आधी तेच म्हणाला होता, साहेब. घाबरून."

हवालदाराची बदली झाली. ती शिक्षा होती की सोय, मला आजही कळलेलं नाही. मोबाईल शेवटी चोरीला गेला असा नोंदवला गेला. सापडला मात्र नाही. बालाजीची नोकरी राहिली, तो पुन्हा प्रेसवर गेला.

पुढच्या वर्षी व्हॅन पुन्हा त्या आवारात लागली. बालाजी हसत आत आला, मुलगी झाल्याचं सांगितलं, खुर्चीत बसला. मी हेडफोन घेऊन हात वर केला, आणि त्याने डोळे मिटून मान बाजूला घेतली.

टेस्ट उत्तम आली. दोन्ही कान सारखे.

तेव्हापासून मी हेडफोन समोरच्याच्या हातात देते. तुम्हीच लावा म्हणते. नीट बसलाय का, ते लांबून बघते.