शैलाने बांधलेली गाडी

लंडनमधल्या एजवेअरच्या दुकानात मेथीच्या जुड्या निवडत होते, तेव्हा शैलाच्या नवऱ्याचा, विनायकरावांचा फोन आला. "मीनाताई, शैला गेली. सकाळी. शांतपणे गेली..." एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी हातातली जुडी तशीच घेऊन बाहेर पडले. दुकानातली मुलगी मागून धावत आली तेव्हा भानावर आले. या गोष्टीला आता दीड महिना होईल. न्यूमोनियाने माणसं जातात हे मला कळतं. पण शैलासुद्धा जाऊ शकते, हे अजून पटत नाही.

शैला भूलतज्ज्ञ होती. लग्न करून नागपूरहून आली आणि उत्तर लंडनच्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर लोकांना झोपवून परत उठवत राहिली. "झोपवायचं काय, कुणीही झोपवेल. उठवता आलं पाहिजे," असं म्हणायची. आम्ही स्टॅनमोरच्या बाकीच्या बायका मोठ्या, शहाण्या, पोराबाळांच्या गाड्या चालवायचो. ही मात्र दोन सीटांची, उघड्या टपाची लाल गाडी घेऊन ड्यूटीला जायची. मंडळाच्या गणपतीला पैठणी नेसून, डोक्याला स्कार्फ बांधून त्याच गाडीतून उतरायची. मला तिचा हेवा वाटायचा आणि थोडा रागही यायचा, कारण तिला पार्किंगसुद्धा एका झटक्यात जमायचं.

निवृत्तीनंतर एकदा तिने मला चहाला बोलावलं आणि एका दमात दोन बातम्या दिल्या. "मला पार्किन्सन्स झालाय. आणि गाडी यंदाच्या वार्षिक एमओटी तपासणीत फेल झाली, खालून पार गंजलीये." मी पहिल्या बातमीने गार पडले, तर हिचं सगळं लक्ष दुसरीकडे. "बॉडी गेली गं, पण इंजिन ठणठणीत आहे. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल काढून घ्यायचा आणि नव्या चासीवर दुसरी गाडी बांधायची. त्याचं किट मिळतं. जुन्या गाडीला चक्क डोनर म्हणतात!"

"बांधणार कोण?"

"मी."

तिचा उजवा हात बशीशेजारी थरथरत होता. माझी नजर तिथे गेलेली तिने पाहिली. "रिकामा असला की थरथरतो. काम दिलं की गप्प बसतो," म्हणाली. आजाराचं तिने लायसन्सच्या ऑफिसला स्वतःहून कळवलं होतं. त्यांनी थोड्या मुदतीचं लायसन्स दिलं होतं. मुदत संपली की पुन्हा रिपोर्ट, पुन्हा तपासणी... आणि तेव्हा काय होईल, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याआधी स्वतः बांधलेली गाडी स्वतः रस्त्यावर चालवायची, एवढं एकच तिला हवं होतं.

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण लोखंडी नळ्यांचा सांगाडा, म्हणजे नवी चासी, लॉरीतून उतरला, लाल गाडी सुटी होऊन जमिनीवर पसरली, आणि गॅरेजमध्ये जिथे लोणच्याच्या बरण्या असायच्या तिथे पाने आणि पक्कडी आल्या. गोळी घेतल्यावर काही वेळ तिचे हात चांगले चालायचे. तेवढ्यात ती बारीक कामं उरकायची आणि गोळीचा असर उतरू लागला की हत्यारं पुसून ठेवून द्यायची. घाई नाही, चिडचिड नाही. विनायकराव जन्मभर त्वचारोगाचे डॉक्टर. त्यांना तिने स्टुलावर बसवून मॅन्युअल वाचायला लावलं होतं. "अहो, दोन पानं एकदम उलटलीत का?" असा गाडीखालून आवाज यायचा. इंजिन नव्या चासीत बसवलं त्या दिवशी मी तिथे होते. साखळीला लटकलेलं ते धूड ती बोटांच्या टोकांनी हलकेच वळवत होती, आणि ते मुकाट्याने खाली येऊन आपल्या जागी बसलं. मी हात जोडले. खरंच जोडले. देवळातसुद्धा माझे हात इतके आपोआप जुळत नाहीत.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आधी सरकारी तपासणी पास व्हावी लागते, मगच नंबर मिळतो. त्यातला एक नियम असा, की आत बसलेल्याला लागेल अशी एकही टोकदार कड नको. शैलाने कित्येक आठवडे कानस घेऊन कडा गोल केल्या. गाडी ट्रेलरवर चढवून आम्ही तिघं तपासणीला निघालो तेव्हा तिने नारळ फोडला आणि पितळेचा छोटा गणपती डॅशबोर्डवर पक्का चिकटवला. ब्रेक पास झाले, दिवे पास झाले, धूर पास झाला. मग तपासनीसाने गणपतीच्या मुकुटावर बोट ठेवलं. "मूर्ती सुंदर आहे, मॅडम. पण कुणाचं कपाळ आपटलं तर?" फेल! परतताना विनायकराव पुटपुटले, "विघ्नहर्ता म्हणे." शैला हसत सुटली. "सगळ्या कडा मोजल्या गं मी! पण गणपतीलासुद्धा गाडीचा पार्ट धरतील, हे डोक्यातच आलं नाही." हसून झाल्यावर मात्र ती बोटांवर आठवडे मोजू लागली. पुढची तारीख मिळेपर्यंत आठवडे जाणार होते आणि लायसन्सची मुदत जवळ येत होती. शैलाला घाबरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

गणपती काढून ठेवला, आणि दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली. मग नंबराचा प्रश्न. जुने भाग नेमके कुठल्या गाडीचे, हे पटलं नाही तर क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर देतात. म्हणजे या गाडीचं वय काही सांगता येत नाही. "माझ्या वयाबद्दल काय वाटेल ते म्हणा, तिचं मला पक्कं माहीत आहे," शैला म्हणाली आणि सुट्या केलेल्या प्रत्येक भागाचे फोटो तिने पाठवून दिले. नंबर देणाऱ्या ऑफिसला ते पटलं. नव्या गाडीला तिच्या लाल गाडीच्या वयाचा नंबर मिळाला.

पहिल्या फेरीला तिने मला शेजारी बसवलं. विमानं अगदी डोक्यावरून उतरतात त्या हाउन्सलोच्या बाजूपर्यंत गेलो. सिग्नलला थांबलो की मांडीवर ठेवलेला तिचा हात थरथरायचा. हिरवा दिवा लागला, हात स्टिअरिंगवर गेला, की शांत. मी श्वास रोखून बसले होते, भीतीने नव्हे... आपल्या शेजारी हे काय घडतंय, या आश्चर्याने.

"मीना, काही वाजतंय का बघ."

"नाही गं, काहीच नाही."

"तेच ऐक," ती म्हणाली.

तो सगळा उन्हाळा तिने गाडी चालवली. मुदत संपण्याआधी लायसन्स स्वतःच परत पाठवून दिलं. "झालं माझं," म्हणाली.

गेल्या रविवारी विनायकरावांनी बोलावलं. बॅटरी उतरू नये म्हणून ते अधूनमधून इंजिन चालू करतात. त्यांनी बॉनेट उचललं आणि माझ्या हातात टॉर्च दिला. "हे पाहिलंय का तुम्ही?" प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिशची रेघ होती, नटावरून खालच्या पत्र्यावर उतरलेली. नट पूर्ण आवळला की शैला ती मारायची. नट जरा जरी सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. सुरुवातीच्या कामातल्या रेघा ठसठशीत होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. पुढे त्या आखूड होत गेल्या. "या आजारात अक्षर बारीक होत जातं," विनायकराव म्हणाले. "तिला दिसत होतं ते. बोलली नाही कधी." मी चष्मा लावला आणि एकेका नटावर उजेड टाकत गेले. शेवटी शेवटी रेघ तिळाएवढी झाली होती... पण शैलाने एकही नट सोडला नव्हता, आणि एकही रेघ तुटलेली नव्हती.