उजेड म्या केला

"पहिले पान काळं करा लागते भाऊ," ताई म्हणत. "पांढऱ्यावर उजेड कोणाले दिसते?" मग ओढणीच्या टोकाने स्क्रीन पुसून त्या कामाला लागत.

पोंभुर्ण्यात त्यांचं फ्लेक्स आणि लग्नाच्या अल्बमचं दुकान होतं. मी तिथेच एका टेबलावर लोकांचे अर्ज टाइप करायचो. आमच्या भागातलं लग्नाचं बॅनर तुम्ही पाहिलं असेल, तर नवरा-नवरीच्या मागच्या निळ्या-सोनेरी लाटाही पाहिल्या असतील. बाकीचे दुकानदार त्या नेटवरून उचलत. ताई स्वतः करत. काळ्या पानावर उजेडाचे चार ठिपके टाकायचे, ते ताणायचे, पिळायचे, त्याचीच प्रत उलटी करून वर ठेवायची आणि शेवटी रंग भरायचा. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय आहे? "काहीच नाई. उजेड आहे."

एका नवरदेवाने डोक्यामागे इतका उजेड मागितला, की ताईंनी विचारलं, "लग्न करून राह्यले का समाधी घेऊन राह्यले?" बुद्धजयंतीच्या बॅनरवर मात्र त्या उजेड टाकतच नसत. "बुद्धाले उजेड आपण कायले द्याव?" एवढंच म्हणत.

एकदा त्यांनी एका गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाचा फोटो काढला, त्यावर हिरवट उजेडाची वलयं बसवली आणि मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. झाडाखाली एका विधवा म्हातारीची झोपडी होती. कुणीतरी तो फोटो उचलला आणि म्हातारीच्या घरावर उजेड फिरतो असं लिहून गावभर पाठवला. त्याच आठवड्यात त्या गावातली एक मुलगी तापाने पडली. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. म्हातारी करणी करते, असं ठरलं.

सकाळी अकराच्या सुमारास त्या गावच्या ओळखीच्या बाईचा फोन आला. म्हातारीला चौकात ओढून आणलं होतं. ताईंनी आधी पोलिसांना कळवलं. त्यांना यायला तासभर लागणार होता. ताईंनी लॅपटॉप पिशवीत घातला. मी म्हणालो, पोलीस जातील, तुम्ही नका जाऊ.

"फोटो माहा आहे," त्या म्हणाल्या. माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या.

चौकात तीस-चाळीस माणसं होती. म्हातारी मातीत बसली होती. एकाने तिचा दंड धरला होता, एक-दोघांच्या हातात काठ्या होत्या. ताई गर्दीतून सरळ चौकातल्या ओट्यापर्यंत गेल्या आणि लॅपटॉप उघडून बसल्या.

"तो उजेड म्या केला," त्या म्हणाल्या. "दुकानात बसून. दाखवतो."

उन्हात स्क्रीनवर काही दिसेना. मी एक पोतं स्क्रीनवर धरलं. पाहायचं तर एकेकाला पोत्याखाली डोकं घालावं लागत होतं. ताईंचा ठिपका दोनदा भलतीकडेच पडला. तरी त्यांनी झाडाचा तो मूळ फोटो उघडला आणि शेजारी काळ्या पानावर पुन्हा तीच हिरवी वलयं तयार केली. लोक पाहून मागे सरकू लागले. कुणी कुजबुजलं, ह्या फोटोवाल्या बाईनंच केलं आहे.

मग मुलीचा बाप म्हातारीला ओढतच पुढे आला. म्हातारीचा दंड धरणारा तोच होता.

"उजेड तुमचा," तो म्हणाला. "मंग माही पोरगी काऊन पडली?"

सगळे पुन्हा जवळ आले. ताई उठल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मले नाई माहीत. मी डॉक्टर नाई. पण तुम्ही इथी उभे आहा, अन् पोरगी घरी तापून राह्यली. ह्या भाऊची गाडी आहे. घेऊन जा."

तो म्हातारीचा दंड सोडून घराकडे पळाला. मुलीला कडेवर घेऊन आला तेव्हा तिची मान लुळी पडली होती. मी ताईंकडे पाहिलं. मला त्यांना त्या माणसांत एकटं सोडून जावं लागणार होतं. त्यांनी फक्त हाताने जा म्हणून खुणावलं.

दवाखान्यात मुलीला मलेरिया निघाला. ती वाचली.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं. ताईंनी म्हातारीला शेजारी बसवून घेतलं आणि तिलाच पोतं धरायला लावलं. पोलिसांची जीप येईपर्यंत त्या लोकांना विचारून लाल, पिवळा, निळा असा मागतील त्या रंगाचा उजेड करत राहिल्या. माणसं पोत्याखाली डोकं घालत होती, तोवर काठी कुणी उचलणार नव्हतं.

त्यानंतर ताईंनी उजेड केला नाही. गिऱ्हाईक मागायचं, त्या नाही म्हणायच्या. लाटांशिवायचं बॅनर कुणाला हवं होतं? पुढच्या वर्षी दुकान बंद करून त्या भावाकडे नागपूरला गेल्या. आता एका कार्यालयात टायपिंग करतात.

मागच्या महिन्यात मी कामाने त्या गावाला गेलो होतो. म्हातारीने ओळखलं. फोटोवाली बाई कुठी आहे, विचारलं. मग म्हणाली, "तिले सांगजो, ते पोरगी शाळेतून येताना माह्या घरी पाणी पेते."

मी तिथूनच ताईंना फोन लावला आणि सांगितलं.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं.