वाढलेल्या बांगड्या

यजमानांचे हात थरथरू लागले ते माघात, आणि चैत्र उजाडेपर्यंत त्यांच्या हातून पाण्याचा तांब्यासुद्धा सांडायला लागला. दुसऱ्या कुणाचे हात थरथरले तर घराला काळजी लागते. कासाराचे थरथरले तर घराची चूलच थंडावते. आमचा धंदा बांगड्या भरण्याचा. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, बोलता बोलता तो सैल करायचा आणि काच मनगटात अशी चढवायची की तिला कळूही नये. वैद्यांचे काढे झाले, तेलं झाली, उतारे झाले, गुण येईना. मी रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या कालिकेसमोर बसत होते, पण खरं सांगते, त्या दिवसांत माझी भक्ती काही फार गोड नव्हती. तू आम्हा कासारांची देवी, मग कासाराच्या हातांवरच कशी उठलीस, असं मी तिला रोज विचारत होते. ती काही बोलत नव्हती, आणि मीही विचारायची थांबत नव्हते.

त्या काळी आमचं वाशीम इंग्रजांच्या अमलात होतं आणि पैनगंगा ओलांडली की निजामाचं राज्य लागायचं. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. मोगलाईत, जकातनाक्यापासून बरंच आत, एका देशमुखांचं घर सासऱ्यांच्या वेळेपासून आमचं गिऱ्हाईक होतं. वैशाखात त्या घरच्या मुलीचं लग्न निघालं आणि माणूस निरोप घेऊन आला: रविवारी हळद, शनिवारी येऊन चुडा भरून जा. ऐकल्याबरोबर शेजारच्या ओट्यावरून धाकटे दीर उठून आले. त्यांचा धंदा वेगळा, चूल वेगळी, पण भिंत एकच. म्हणाले, "वयनी, मोगलाईत बाईमाणूस कायले जाते? मी जातो ना. अन् एकदा मी गेलो का ते घर मंग मीच पाहीन." त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, जो जाईल त्याचं गिऱ्हाईक ही धंद्याची रीतच होती. पण ते घर गेलं की त्याच्या ओळखीवरची चार घरं जाणार, आणि मग माझ्या यजमानांच्या नावानं कुणी दार ठोठावणार नाही, हे मला दिसत होतं. यजमान अंथरुणावरून म्हणाले, "जाऊ दे तिले. तिचा हात माह्यापेक्षा हलका हाय." आमच्या संसारात त्यांनी माझं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवलं, जाईन तर मीच जाईन.

शनिवारी पहाटे आमच्या आळीतल्या किसनभाऊंची बंडी जुंपली. दोन टोपली घेतली होती. एकात नवरीच्या आणि घरच्या सवाष्णींच्या हिरव्या बांगड्या, दुसऱ्यात लेकीसुनांना हौसेनं घालायच्या रंगीत. माळा ओवून, गवतात गुंडाळून मी स्वतः बांधल्या होत्या. कालिकेसमोर टोपली ठेवून कुंकू लावलं आणि निघाले. उन्हं चढायच्या आत आम्ही पैनगंगेवर पोचलो. नदीला पाणी नव्हतं, नुसते धोंडे आणि वाळू. नदीच्या मध्यावर बैल कशाला तरी बिचकले, चाक मोठ्या धोंड्यावर चढलं आणि बंडी अशी आदळली की मी साठ्याच्या फळीवर आपटले. त्याच वेळी टोपल्यातून आवाज आला. कासाराच्या घरात जन्म घेऊन कासाराच्याच घरात नांदलेल्या बाईला तो आवाज ओळखायला झाकण उघडावं लागत नाही.

तरी उघडलं. रंगीत बांगड्यांचं टोपलं किसनभाऊंच्या धान्याच्या पोत्यावर होतं, ते वाचलं होतं. हिरव्यांचं टोपलं खाली तक्त्यावर होतं. गवतात नुसता चुरा उरला होता. अखंड अशी एक बांगडी हाती लागेना. मी वाळूत उतरून बसले. किसनभाऊ जवळ आले, टोपल्यात पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडलं. मी हात वर केला. नवरीच्या चुड्याबद्दल कासारीण 'फुटल्या' हा शब्द तोंडातून काढत नाही, आणि दुसऱ्याला काढूही देत नाही. तो शब्द म्हणजे त्या मुलीच्या कपाळावर दगड. आम्ही म्हणतो, बांगड्या वाढल्या. माझ्या सासूबाईंनी मला धंदा शिकवताना काचेच्या आधी हा शब्द शिकवला होता.

"वाढल्या, भाऊ," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "वयनी, बंडी मांगं फिरवू काय व?"

फिरवणं सोपं होतं. वाशीमला जाऊन पुन्हा माल घेऊन यायचं म्हटलं तर रात्र उलटून हळद लागली असती. पण न सांगता परतले तर तिकडे ती पोरगी मोकळी मनगटं घेऊन वाट पाहत बसेल, हे मला सोसेना. मी म्हणाले, पुढे चला, निदान तोंडानं सांगून येऊ. बंडीत बसल्यावर मी मनातल्या मनात कालिकेशी भांडले. इतकी भांडले की भांडण संपून गेलं. मग आतून एक रिकामपण आलं, आणि मी तिला म्हटलं, माझ्या हातात होतं तेवढं मी केलं, आता लाज राखायची तर तुझी तू राख. आजवर मी तिच्याकडे पुष्कळ मागितलं होतं, पण तिच्यावर सोडून दिलं नव्हतं काहीच. ते सोडणं त्या बंडीत घडलं.

नाक्याच्या ओट्यावर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, मुनशी होते, पिकल्या दाढीचे, चश्मा नाकावर ओघळलेला. ओट्याखाली दोन-चार बंड्या थांबल्या होत्या. मुनशींनी मला विचारलं, "क्या माल है, बाई?"

मला हुंदका आवरत नव्हता. मी म्हणाले, "बांगड्या हायेत. पण वाटेत वाढल्या."

मुनशींनी लेखणी खाली ठेवली. "बढ़ गई? रास्ते में?" ते सगळ्यांकडे बघून हसायला लागले. "अरे सुनो! इतने बरस से बैठा हूँ, हर एक का माल नाके पे आते-आते घट जाता है. आज पहली बाई आई, जिसका माल बढ़ गया, और वो भी रो-रो के बता रही है!" शिपाई हसले, गाडीवान हसले. मला काय चाललंय ते कळेना. मी रडतेय आणि ही माणसं हसतायत, याचा मला असा संताप आला की रडणं थांबलं. किसनभाऊ काही सांगायला पुढे झाले, पण सांगायला जो शब्द लागणार तोच त्यांना वापरायचा नव्हता, म्हणून तेही नुसते हात हलवत राहिले.

मुनशींनी झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याला हाक मारली. "ओ मनियार, तू तो चूड़ीवाला है. देख तो, कितना बढ़ा?" मनियार म्हणजे मुसलमानांतला बांगडीवाला, आमच्या धंद्यातला, इकडे बाजारात आमच्या दुकानांसमोरच त्यांची दुकानं लागतात. म्हातारा उठून आला. त्यानं टोपल्याचं झाकण बोटभर उचललं आणि लगेच खाली ठेवलं, कुणाला दिसू नये असं. मग माझ्याकडे पाहिलं. "नवरीचे हैं क्या, बेटी?" मी मान हलवली.

तो मुनशींकडे वळला. "मुनशीजी, शाम को दुकान बढ़ाते ना आपन? चिराग बढ़ाते ना? वैसी बढ़ी हैं."

दुकान बंद करणं, दिवा मालवणं, यालाही त्यांच्या बोलीत अशुभ टाळून 'बढ़ाना' म्हणतात. मुनशींचं हसू तिथल्या तिथे विरलं. "तौबा, तौबा," म्हणत ते ओट्यावरून खाली उतरले आणि शिपायाला म्हणाले, बाईला पाणी दे. एका शब्दावर त्यांना एक दिसलं होतं आणि मला एक म्हणायचं होतं, आणि त्या दोहोंच्या मधोमध हा एकच माणूस उभा होता ज्याला दोन्ही कळत होतं. मुनशी माझ्या 'वाढल्या'चा साधा अर्थ घेऊन 'देख तो, कितना बढ़ा' म्हणाले नसते, तर त्या म्हाताऱ्यानं माझं टोपलं उघडलं नसतं. मी 'फुटल्या' म्हटलं असतं तर मुनशींनी हळहळून मला पुढे जाऊ दिलं असतं आणि मी रिकाम्या हातानं देशमुखांच्या दारात उभी राहिले असते. हे मी नंतर कितीदा तरी मनात फिरवून पाहिलं आहे.

मनियारानं आपली गाठोडी माझ्यासमोर सोडली. त्यात हिरव्या बांगड्या होत्या, लखलखीत, सगळ्या मापांच्या. तो वाशीमच्या बाजाराला निघालेला होता. म्हणाला, "तेरी रंगीत मुझे दे, वाशीम में खप जातीं. मेरी हरी तू ले जा."

"चाचा, अन् तुमचा बाजार?"

"बाजार का क्या. मैं कल ही निकल जाता. जुम्मा था, मुनशीजी नई थे, तो यहीच अटका. कल से चिड़ के बैठा था, कायकू अटकाया करके." त्यानं वर बोट केलं. "अब समझा."

मी त्या बांगड्या एकेक करून उन्हात धरून पाहिल्या. कासारीण आहे, रडत असले तरी माल पाहिल्याशिवाय घेत नाही. तो हसला आणि म्हणाला, देख, देख, देखनाच होना. एकही पिचलेली नव्हती. मी माझं रंगीत टोपलं त्याला दिलं, त्याच्या पाया पडायला वाकले, तर तो मागे सरकला आणि म्हणाला, नक्को बेटी, नवरी के हाथ खाली नक्को रखना, जा. मी पुढे वाशीमच्या बाजारात त्याचा पुष्कळ शोध घेतला. काहींनी सांगितलं, असा एक येतो कधीकधी. मला तो पुन्हा भेटला नाही. त्याला कुणी अडकवलं हे तो जाणे. माझ्यापुरतं मला ठाऊक आहे मी बंडीत कुणाला हाक मारली होती.

देशमुखांच्या वाड्यावर दुपार कलताना पोचले. घरच्या मोठ्या बाई दारातच होत्या. "कामून उशीर गं बाई? पोरगी कवापासून हात धुऊन बसलीय." मी पहिल्या बांगड्या त्यांच्या देवघरात देवीपुढे ठेवल्या आणि मग नवरीसमोर बसले. तिचे हात भीतीनं ताठ झालेले होते. नवरीला चुडा भरताना एक जरी बांगडी हातात वाढली तरी सगळ्या बायका गप्प होतात, आणि ती शांतता लग्नभर घरातून हलत नाही. मी तिला तिच्या सासरचं विचारत, चिडवत, हात सैल करत गेले. डावा भरला, उजवा भरला, मग तिच्या आईचा, चुलत्यांच्या बायकांचा, लेकीसुनांचाही, हिरव्यांनीच. त्या संध्याकाळी माझ्या हातून एकही बांगडी वाढली नाही. शेवटची चढवली तेव्हा मी माझे स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. होय, अभिमान वाटला. देवीसमोरही मी तो लपवलेला नाही, आणि तिनं दिलेला आहे म्हणून मला त्याची लाज वाटत नाही.

ओटी भरताना मोठ्या बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "वाटंत काही वाढल्या का गं?"

"वाढल्या, मोठ्या बाई. लई वाढल्या," मी म्हणाले, आणि पैनगंगेपासून सगळं सांगितलं. मनियाराच्या बांगड्या आहेत हेही सांगितलं, मला ते लपवायचं नव्हतं. मग नवरीचा हात हातात घेऊन त्यांनी त्या बांगड्या कपाळाला लावल्या. "देवीनंच धाडल्यात," म्हणाल्या, आणि माझ्या ओटीत आणखी एक ओंजळ घातली.

यजमानांचे हात बरे झाले नाहीत. मी ते मागायचंही हळूहळू सोडलं, कारण मला कळलं होतं की देणारी काय द्यायचं आणि कुणाच्या हातानं द्यायचं ते स्वतः ठरवते, आपण फक्त टोपलं घेऊन वाटेला लागायचं. पुढच्या वर्षी त्याच मुलीच्या डोहाळजेवणाला देशमुखांचा माणूस आमच्या आळीत आला. त्याला आमचं दार ठाऊक नव्हतं. मी आत चुलीपाशी होते, आणि मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. त्यानं ओट्यावर बसलेल्या दिरांना विचारलं, "कासारीणबाईचं घर कोणतं?"

दिरांचा आवाज आला, मोठा, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा.

"हे. मोगलाईत जाते थे कासारीण इथंच रायते. आमची वयनी हाय थे."

मी देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले, पदरानं डोळे पुसले आणि टोपलं काढायला उठले.